डाळीएवढे येसाजीमामा

नकाशे मोजणारा माणूस एका फोटोपुढे हरला, हे मी स्वतःच कबूल करून टाकतो. न करून लपवणार कुणापासून? आमच्या वठारात ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि वठाराबाहेर सुब्बारावांनी ते पोचवलं आहे.

वठार म्हणजे एका फाटकाच्या आत पाच बिऱ्हाडं आणि मधे सिमेंटचा लांब बोळ. बंगळूरच्या बळेपेटेत अशी वठारं अजून आहेत. फाटकाजवळ सुब्बाराव राहतात, शेवटी आम्ही; आमचं स्वैंपाकघर सरळ बोळातच उघडतं. बोळाची लांबी चाळीस फूट आहे. मी स्वतः टेपनं मोजली आहे, कारण मोजणी कचेरीत नकाशांची स्केल तपासणं हेच माझं काम आहे. इंचाला किती फर्लांग हे मी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतो. मथुरा, म्हणजे माझी बायको, म्हणते की त्याआधी मला झोपेतून उठवता आलं पाहिजे.

तर फोटो. एकोणचाळीस साली आनेकलला माझ्या वडिलांचं लग्न झालं, त्या दिवशीचा हा एकमेव फोटो. दहा इंच बाय आठ इंच, त्यात त्रेचाळीस माणसं. उजव्या टोकाला सर्वांत मागच्या रांगेत मांडवाच्या खांबाला टेकून येसाजीमामा उभे आहेत. मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आमच्यात आत्याला अत्ते म्हणतात आणि तिच्या यजमानांना मामा. अत्ते याच फोटोत डाव्या टोकाला बायकांच्या घोळक्यात खाली बसली आहे. या फोटोनंतर दीड वर्षात मामा तापानं गेले. त्यांचा दुसरा फोटो नाही. या फोटोत त्यांचा चेहरा आहे तुरीच्या डाळीएवढा.

अत्तेचं नाव सकवारबाई. आता ती शहात्तर वर्षांची आहे. मला तिनंच वाढवलं. मार्च महिन्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू म्हणून सांगितलं. एक डोळा गेलेलाच होता. दुसऱ्यानं तिला बारीक नळीतून बघावं तसं मधलं तेवढं दिसायचं, कडेचं सगळं काळं. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की नळी बारीक होत जाणार, आणि दसऱ्यानंतरचा भरवसा नाही. ते त्यांनी अगदी हळू आवाजात सांगितलं, पण अत्तेचे कान शाबूत आहेत.

रिक्षात तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, “गिरी, डोळे जायच्या आधी एकदा त्यांचं तोंड बघायचं हाय मला. महालयाला पूजेत ठेवू.”

साठ वर्षांत तिनं माझ्याकडं काही मागितलं नव्हतं. (मी पंचेचाळीस वर्षांचा आहे, पण हिशेब तिच्या बाजूनं धरा.) मी लगेच सरी, म्हणजे बरं, म्हणालो. एक फोटो मोठा करायचा, त्यात काय आहे, असं मला वाटलं. माझ्या आयुष्यातली बहुतेक संकटं या वाक्यानं सुरू झाली आहेत.

आधी स्टुडिओत गेलो. तिथल्या माणसानं भिंग लावून बराच वेळ बघितलं आणि म्हणाला की कागदात जे उतरलंच नाही ते मोठं केल्यानं येणार कुठून, त्यापेक्षा आमचा आर्टिस्ट हातानं रंगवून देईल. आठ दिवसांनी चित्र मिळालं. मोठं होतं, सुबक होतं, गाल गुलाबी होते आणि ओठांना लाली होती. अत्तेनं ते नळीसमोर डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवलं आणि विचारलं, हा कोण? मी म्हणालो, मामा. तिनं चित्र परत माझ्या हातात दिलं.

“परक्या माणसाला माझ्यापुढं कशाला आणून बसवतोस?” ती म्हणाली. “असतील तसे आण.”

ते चित्र आता मथुरानं पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवलं आहे.

इथं सुब्बाराव शिरले. सुब्बाराव टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले आहेत आणि तेव्हापासून सल्ला देतात. त्यांची एक स्कूटर आहे. ती फाटकाजवळच्या भिंतीला टेकून वर्षानुवर्षं उभी असते, चालत नाही, आणि ती हलवा असं त्यांना आजवर लग्न, बारसं, मयत कशासाठीही कुणी सांगू शकलेलं नाही. सुब्बाराव म्हणाले की हे शहाण्णव साल आहे, स्टुडिओत काय जाता, कंप्युटर करतो सगळं. आणि डोळे अधू आहेत तर फोटो मोठा हवा. किती मोठा? त्यांनी दोन्ही हात पसरून दाखवले. मी खिशातली पट्टी काढून मोजलं. नुसता चेहरा दोन फूट होत होता. बाकीच्या बिऱ्हाडांतूनही मान डोलावली गेली, आणि जो आकडा पाच बिऱ्हाडांनी मिळून ठरवला तो खाली आणण्याची माझी ताकद नव्हती.

पुढच्या गल्लीत प्रदीपकुमारचं डीटीपी सेंटर होतं. तिथं लग्नपत्रिका आणि उत्तरक्रियेची पत्रं एकाच टेबलावर व्हायची. प्रदीपकुमार म्हणाला, “अण्णा, मूळ फोटो चांगला स्कॅन व्हायला पाहिजे. बाकी मी बघतो.” त्याच्याकडं हातात धरून फोटोवरून फिरवायचा एक स्कॅनर होता. फोटो घरचा म्हणून तो मीच फिरवतो म्हणालो. नकाशावर रेघ मारताना माझा हात कधी हलत नाही, पण त्या दिवशी हलला. पडद्यावर आनेकलचं सगळं वऱ्हाड लाटेवर बसल्यासारखं वाकडंतिकडं झालं. माझ्या वडिलांचं नाक नवरीच्या पदरात गेलं. प्रदीपकुमारनं अदबीनं स्कॅनर माझ्या हातातून काढून घेतला आणि सांगितलं की काचेवर कागद ठेवायचा मोठा स्कॅनर कुठं मिळतो का बघा, इंचाला सहाशे ठिपके टिपणारा.

असा स्कॅनर मला ठाऊक होता. आमच्याच कचेरीत जुने गावनकाशे उतरवून घ्यायला तो नुकताच आला होता. त्याला फुलांचा हार घातलेला होता आणि बंद खोलीत ठेवलेलं होतं.

आमचे साहेब वेणुगोपाल हे सज्जन गृहस्थ आहेत. ते कुणाला नाही म्हणत नाहीत. फक्त रकाना रिकामा असलेला कागद त्यांच्या टेबलावरून पुढं सरकत नाही. त्यांनी मला स्कॅनरचा छापील अर्ज दिला. त्यात गाव, होबळी, तालुका, सर्व्हे नंबर, चतुःसीमा, स्केल आणि प्रयोजन असे रकाने होते. मी म्हणालो, साहेब, हा माणूस आहे. ते म्हणाले, असू दे, भरा.

तालुका आनेकल लिहिला, त्यात खोटं काही नव्हतं. सर्व्हे नंबराच्या जागी डावीकडून मोजून त्रेचाळीस लिहिला. चतुःसीमेत पूर्वेस मांडवाचा खांब, पश्चिमेस परसूकाका, उत्तरेस मांडवाचं कापड आणि दक्षिणेस पुढच्या रांगेतल्या व्याह्यांची पगडी असं लिहिलं. प्रयोजन : दर्शन. स्केलच्या रकान्यापाशी मात्र मी अडलो. एकवीस वर्षं स्केल तपासणारा माणूस स्केलपाशी अडला. शेवटी ‘यथावकाश’ असं लिहिलं. वेणुगोपाल साहेबांनी तीन दिवस अर्ज वाचला आणि ‘जागा वादग्रस्त नसल्याची खात्री करून घ्यावी’ असा शेरा मारून मंजुरी दिली. परसूकाका आणि मामा यांचं कधी पटलं नव्हतं, पण ते मी सांगितलं नाही.

आता मला फक्त मामा हवे होते. पण नकाशा अर्धवट उतरवून घ्यायचा नाही, असा नियम. त्यामुळे त्रेचाळीस माणसं, मांडव आणि पुढ्यात आडवं आलेलं एक कुत्रं, असा सगळा फोटो सहाशे ठिपक्यांनी उतरला. तो एवढा जड झाला की एका फ्लॉपीत मावेना. दोनांत मावेना. वीस फ्लॉप्या लागल्या. एका विवाहसमारंभाचे वीस तुकडे पिशवीत घालून मी सिटी बसनं घरी आलो. कंडक्टरनं पिशवी मांडीवर घ्यायला सांगितली तेव्हा मी ती अशी जपून घेतली की शेजारच्या बाईंनी आत अंडी आहेत का म्हणून विचारलं.

तो पितृपक्षाचा पहिला दिवस होता. मी आंघोळीला गेलो तेवढ्यात मथुरानं पिशवी देवापुढं मांडली आणि वीसही फ्लॉप्यांना गंध लावलं. तुकड्यातुकड्यांनी का होईना, मामा पंचावन्न वर्षांनी घरी आले आहेत, त्यांना भाजीसारखं पिशवीत कसं ठेवायचं, असं तिचं म्हणणं. मला ते पटलं, हे मी लपवत नाही. मी वर दोन अक्षताही टाकल्या.

प्रदीपकुमारच्या दुकानात तेरा फ्लॉप्या बिनबोभाट गेल्या. चौदावी घातली तेव्हा यंत्रानं दाढ दुखल्यासारखा आवाज काढला आणि ते थांबलं. चौदाव्या फ्लॉपीवर गंध पातळ झालं होतं. ते पत्र्याच्या सरकत्या झडपेतून आत ओघळलं होतं आणि वाळलं होतं. एक तुकडा नाही तर बाकीचे एकोणीस जोडता येत नाहीत, असं प्रदीपकुमारनं समजावून सांगितलं, आणि यंत्रातून चंदनाचा वास येतोय असंही म्हणाला.

पुन्हा वेणुगोपाल साहेब. पुन्हा अर्ज. या वेळी एक रकाना जास्त होता : मागील प्रत खराब होण्याचं कारण. मी खरं तेच लिहिलं, गंध लावल्यामुळे. साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

“ओलं लावलं?” त्यांनी विचारलं.

“हो साहेब.”

“कोरडा अंगारा लावायचा,” ते म्हणाले आणि सही केली.

या सगळ्यात दिवस जात होते. मी घरी आलो की अत्ते रोज संध्याकाळी स्वैंपाकघराच्या उंबऱ्यावरून विचारायची, “आले का रे ते?” आणि मी रोज सांगायचो की येताहेत, स्वल्प थांब. एके दिवशी दुपारी बारा वाजता तिनं मथुराला विचारलं की दिवा का घालवलास. दिवा लावलेलाच नव्हता, बाहेर लख्ख ऊन होतं. मथुरानं हे मला नळापाशी नेऊन सांगितलं. तेव्हापासून मला खरी भीती वाटायला लागली. कचेरीत नकाशे तपासताना मी मनात दिवस मोजत होतो.

अखेर महालय अमावास्येला चार दिवस राहिले असताना वीसही तुकडे जुळले. प्रदीपकुमारनं त्रेचाळीस माणसांतून मामांना अलगद कापून बाहेर काढलं. चेहऱ्याची उंची दीडशे ठिपके, रुंदी त्याहून कमी. वीस फ्लॉप्यांतून आलेला माणूस आता एकाच फ्लॉपीच्या कोपऱ्यात बसला आणि शेजारी आणखी साठेक मामांना जागा उरली. मी खुर्चीत जरा मागं टेकलो.

मग छापायची वेळ आली. पडद्यावर एक चौकट होती, तीत इंचाला तीनशे ठिपके असं लिहिलेलं होतं. प्रदीपकुमार म्हणाला, तीनशे असले की डोळ्याला ठिपके दिसत नाहीत, माणूस दिसतो. कागद बाहेर आला तर मामांचा चेहरा अर्धा इंच. मी म्हणालो, तीनशेत एवढं येतंय, बाराशे कर, काटकसर कशाला? त्यानं माझ्याकडं बघितलं, पण वडीलधारा माणूस म्हणून बाराशे केले. मामा डाळीएवढे होते ते मोहरीएवढे होऊन बाहेर आले. अतिशय रेखीव मोहरी होती. भिंगाखाली मिशीसुद्धा दिसत होती.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि तो पडला नसता तर बरं झालं असतं. ठिपके होते तेवढेच होते, दीडशे. आकडा वाढवला की ते फक्त दाटीवाटीनं बसत होते आणि माणूस आकसत होता. ही तर साधी स्केल होती, माझं रोजचं काम. मी तिथंच पत्रिकेच्या पाठकोऱ्या कागदावर हिशेब केला. दोन फूट म्हणजे चोवीस इंच, गुणिले तीनशे, म्हणजे सात हजार दोनशे ठिपके हवेत. जवळ आहेत दीडशे. मूळ चेहरा पाव इंच. त्यातून सात हजार दोनशे काढायचे तर इंचाला अठ्ठावीस हजार आठशे ठिपके टिपणारा स्कॅनर पाहिजे. असा असतो का, म्हणून विचारलं. प्रदीपकुमार म्हणाला की असला तरी त्या काळातल्या कागदात तेवढं उतरलेलंच नाही. स्टुडिओतल्या माणसानं हेच सहा महिन्यांपूर्वी सांगितलं होतं, फुकट.

आणि दीडशेच ठिपके चोवीस इंचांत पसरले तर? इंचाला सहा. मी पट्टीवर बघितलं. एकेक ठिपका जवळजवळ डाळीएवढा होत होता. ज्या फोटोत चेहरा डाळीएवढा होता, त्यातून मी डाळीएवढा ठिपका मिळवला होता. हा हिशेब सहा महिने आधी केला असता तर निदान कंडक्टरपुढं तरी शोभा झाली नसती.

पण दिवस चार उरले होते आणि हातात दुसरं काही नव्हतं. मी म्हणालो, छाप दोन फूट. प्रदीपकुमारच्या यंत्रातून एवढा मोठा कागद निघत नव्हता, म्हणून पगडी आणि खांद्यासकट नऊ कागदांवर नऊ तुकडे छापले. महालयाच्या सकाळी मथुरानं मैद्याची खळ शिजवली आणि मी नऊ कागद जोडायला बसलो. नकाशाचे कागद जोडणं हे माझं हुकमी काम आहे, आणि माझ्या उरल्यासुरल्या इभ्रतीसाठी सांगतो, सांधा एक केसभरसुद्धा सरकला नाही. पहिल्यांदा मिशीचा कागद कानाच्या जागी लागला होता, पण तो ओला होता तोवरच मी काढला.

जोडून झालं आणि मी उभं राहून बघितलं. काळे, करडे, पांढरे चौकोन. माणूस नाही. शेजारणी आल्या. एकीला स्वेटरचा नमुना वाटला आणि किती टाके म्हणून तिनं मनापासून विचारलं. सुब्बारावांनी नाक कागदाला लावून पाहणी केली, आणि कंप्युटर चांगला असतो, वापरणारा बरोबर पाहिजे, असं म्हणाले. मथुरा खळीचं भांडं उचलून आत घेऊन गेली. ते मला फार लागलं.

आत पाट मांडला होता, केळीची पानं वाढायची होती. अत्ते आंघोळ करून, धुवट लुगडं नेसून स्वैंपाकघराच्या उंबऱ्यात बसली होती. तिनं दोनदा विचारलं, आणलेस ना. मला रडू यायला लागलं, पंचेचाळीसाव्या वर्षी, हातात मैदा. हे ठिपके तिच्यापुढं धरायचे आणि हे मामा म्हणून सांगायचं, हे माझ्यानं होईना. खळ वाळायला पाहिजे, असं काहीतरी मी पुटपुटलो आणि ते धूड उचलून तिच्यापासून जेवढं लांब नेता येईल तेवढं नेलं. म्हणजे बोळाच्या दुसऱ्या टोकाला. फाटकाशेजारच्या भिंतीवर, सुब्बारावांच्या स्कूटरच्या वर खिळा होता, तिथं ते लावलं. स्कूटरच्या हँडलनं हनुवटी झाकली गेली. झाकू दे म्हटलं, जेवढं झाकेल तेवढं बरं.

परत आलो आणि काय सांगावं याची मनात जुळवाजुळव करत उंबऱ्यापाशी पोचलो, तर अत्ते उभी होती. एक हात चौकटीवर, मान थोडी पुढं. नळी बोळातून सरळ फाटकाकडं लागली होती.

“गिरी,” ती म्हणाली, “खांबाला टेकून उभे राहायची खोड काय गेली नाही यांची.”

मी वळून बघितलं. चाळीस फुटांवर भिंतीला टेकून येसाजीमामा उभे होते. पगडी जरा तिरकी, डावी भुवई वर, हसावं की नको अशी मिशी. ठिपका एकही नव्हता. मी एकवीस वर्षं नकाशांची स्केल तपासतो. बघणारा किती लांब बसला आहे हे मी कधी धरलंच नव्हतं.

आजूबाजूला सगळे गोळा झाले. मला वाटलं, आता तिला जवळून बघायचं असेल. जवळ गेली की ते पुन्हा ठिपके होणार, आणि तिच्या नळीत पाच-सात ठिपक्यांपलीकडं काही मावणारही नाही. तरी माझ्या तोंडून निघून गेलं की आणू का जवळ.

“नको,” ती म्हणाली. “सासूबाई असायच्या ना मधे. चुलीपाशी बसून मी एवढ्याच लांबून बघितलंय त्यांना पाच वर्षं, ओसरीवर उभे राहिलेले. जवळून कसे होते ते मला तरी कुठं ठाऊक हाय? जवळ आले की मान खाली घालावी लागायची.”

तिनं पदर डोक्यावरून नीट पुढं ओढून घेतला आणि पुन्हा बघायला लागली, मान वर करून.

मथुरानं डोळे पुसले आणि केळीचं पान तिथंच, उंबऱ्यात मांडलं. मग सुब्बाराव फाटकाकडं गेले, दोन्ही हातांनी जोर लावून त्यांनी स्कूटर भिंतीपासून हलवली, आणि मामांची हनुवटी मोकळी झाली.